लाल रेषेचा अर्थ कोणी सांगायचा?

प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू, प्रसारमाध्यमे आणि मुळशीसारख्या तालुक्यातील आपले कर्तव्य

प्रतिजैविकांच्या अयोग्य वापराविषयी लोकजागृती करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली एक जागतिक सप्ताह सुरू केला. २०२० पासून १८ ते २४ नोव्हेंबर या त्याच्या तारखा निश्चित झाल्या आहेत. या सप्ताहात वृत्तपत्रांतून लेख येतात, आकाशवाणीवर तज्ज्ञांच्या मुलाखती होतात, महाविद्यालयांत भित्तिपत्रकांच्या स्पर्धा भरतात. सप्ताह संपतो आणि पौड, पिरंगुट किंवा कोळवणच्या दवाखान्यात ताप-खोकल्याचा रुग्ण येऊन म्हणतो, "डॉक्टर, जरा पावरची गोळी द्या, उद्या भातझोडणी आहे." त्याने आकाशवाणीवरील मुलाखत ऐकलेली असते किंवा नसतेही, त्याच्या मागणीत मात्र फरक पडलेला नसतो.

असे का होते याचा विचार आपल्या संघटनेच्या व्यासपीठावर व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, प्रसारमाध्यमे संदेश गावाच्या वेशीपर्यंत आणतात. तो घरात पोहोचवण्याचे काम ज्याच्यावर घराचा विश्वास आहे त्यालाच करावे लागते. मुळशीसारख्या तालुक्यात तो विश्वासाचा माणूस पुष्कळदा आपल्यापैकीच एखादा वैद्य अथवा औषध दुकानदार असतो. म्हणून 'जनजागृती' हा शब्द उच्चारताना आपण स्वतःस प्रेक्षकांत बसवून चालणार नाही.

प्रश्नाचे स्वरूप

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लागला. १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या व्याख्यानातच त्यांनी इशारा दिला होता की, हे औषध अपुऱ्या मात्रेत घेतले गेले तर जंतू त्याला सरावतील. आपल्या तालुक्याच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन झाली आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. ज्या औषधाने न्यूमोनिया, प्रसूतिज्वर आणि जखमेतील पू यांचे भय कमी केले, ते औषध पुणे जिल्ह्यातच तयार होऊ लागले, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. त्यानंतरच्या सत्तर वर्षांत आपण इतकी प्रतिजैविके वापरली, की आज त्यांची धार बोथट होऊ लागली आहे.

'लॅन्सेट' या नियतकालिकात २०२२ च्या प्रारंभी प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, आणि सुमारे ४९ लाख ५० हजार मृत्यूंशी अशा संसर्गाचा संबंध होता. त्याच अभ्यासगटाच्या अंदाजानुसार भारतातील थेट मृत्यू सुमारे २ लाख ९७ हजार होते.

हे घडते कसे, हे वाचकांस ठाऊक आहे. तथापि लोकांना समजावून सांगण्याच्या दृष्टीने दोन मुद्दे येथे नोंदवतो. पहिला असा की, सर्दी-पडशावर घेतलेले प्रतिजैविक त्या विषाणूवर काहीच परिणाम करीत नाही, परंतु आतड्यातील निरुपद्रवी जिवाणूंवर करते. त्यांतील दुबळे मरतात आणि औषध पचवणारे उरून वाढतात. दुसरा मुद्दा असा की, औषध निष्प्रभ करणारी जनुके पुष्कळदा प्लाझमिड नावाच्या डीएनएच्या वर्तुळाकार तुकड्यावर असतात आणि हा तुकडा एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जिवाणूकडे जाऊ शकतो. त्यामुळे एका घरात अकारण घेतलेल्या गोळ्यांचा परिणाम त्या घरापुरता राहत नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायाचे येथे स्मरण होते. वायू, उदक, देश आणि काल हे सर्वांना समान असलेले भाव बिघडले म्हणजे भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी व्याधिग्रस्त होतात, अशी ती मांडणी आहे. जंतूंच्या प्रतिरोधाची कल्पना त्या काळी नव्हती, आणि ती ग्रंथात होतीच असा दावा आम्ही करणार नाही. परंतु व्याधी हा एकट्या रुग्णाचा विषय नसून पाणी व भूमी यांच्याद्वारे तो समाजाचा होतो, हा विचार आपल्या शास्त्रास परका नाही, एवढे निश्चित.

माध्यमांचा आजवरचा अनुभव

या विषयाने भारतीय माध्यमांत मोठी जागा व्यापली असे प्रसंग थोडेच आहेत. त्यांपैकी दोन महाराष्ट्राशी थेट संबंधित आहेत.

पहिला प्रसंग २०१० चा. त्या वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील संशोधकांनी भारतीय फिजिशियन संघटनेच्या मासिकात एक निबंध प्रसिद्ध केला. कार्बापेनेम गटातील औषधांना दाद न देणाऱ्या २४ जिवाणू-नमुन्यांपैकी २२ नमुन्यांत 'एनडीएम-१' हे विकर निर्माण करणारे जनुक आढळल्याचे त्यात नोंदवले होते. तेव्हा वृत्तपत्रांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. ऑगस्टमध्ये 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात याच विषयावर आंतरराष्ट्रीय निबंध आला आणि देशभर गदारोळ झाला. वादाचा केंद्रबिंदू मात्र जिवाणू नव्हता. नवी दिल्लीचे नाव त्या विकराला का दिले, हा होता. वैद्यकीय पर्यटनाविरुद्ध हा कट आहे काय, याची चर्चा आठवडेच्या आठवडे चालली. असे जिवाणू निर्माण का होतात आणि सामान्य माणसाने काय करावे, हे प्रश्न त्या गोंगाटात हरवले. पुढे २०११ साली दिल्लीतील पाण्याच्या नमुन्यांत हेच जनुक सापडले. साचलेल्या व झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ आणि नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ नमुने सदोष होते. तेव्हाही प्रतिसाद प्रामुख्याने नकाराचाच होता.

दुसरा प्रसंग जानेवारी २०१२ चा. मुंबईतील चार क्षयरुग्णांचे जंतू त्या वेळी तपासल्या गेलेल्या सर्वच औषधांना दाद देत नसल्याची माहिती हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली होती. वृत्तपत्रांचे मथळे भीतिदायक होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 'पूर्णतः औषधरोधक' ही संज्ञाच अमान्य केली. संज्ञेवरचा वाद पुन्हा एकदा मुख्य प्रश्नापेक्षा मोठा झाला. तरीही या प्रसंगी लाभ झाला नाही असे म्हणता येत नाही. क्षयरोगाच्या चुकीच्या उपचाराची चर्चा घराघरांत पोहोचली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात प्रत्येक क्षयरुग्णाची माहिती शासनास कळवणे खासगी व्यावसायिकांनाही बंधनकारक झाले.

तिसरा प्रयत्न शासनाने स्वतःहून केला. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 'लाल रेषेची औषधे' ही मोहीम सुरू केली. प्रतिजैविकांच्या पाकिटावरील उभी लाल रेषा दिसली, की चिठ्ठीवाचून ते औषध घेऊ नये, एवढा सुटसुटीत संदेश होता. ३१ जुलै २०१६ च्या 'मन की बात' कार्यक्रमात पंतप्रधानांनी या रेषेचा उल्लेख केला. ब्रिटनमधील ओ'नील समितीनेही आपल्या अहवालात या कल्पनेची प्रशंसा केली. साक्षर-निरक्षर, मराठी-हिंदी असा भेद न करणारी ही खूण खरोखरच चांगली आहे. पण खूण स्वतः बोलत नाही. ज्या ग्राहकाला गोळ्या पट्टीतून कापून दोन-चार अशा दिल्या जातात, त्याच्या हाती रेषेचा तुकडा पडतो आणि अर्थ दुकानातच राहतो.

याउलट केरळचे उदाहरण पाहावे. त्या राज्याने २०१८ साली स्वतःचा कृती आराखडा केला आणि २०२४ च्या प्रारंभी चिठ्ठीशिवाय होणाऱ्या प्रतिजैविकांच्या विक्रीविरुद्ध मोहीम उघडली. तेथे प्रतिजैविके सूचना छापलेल्या निळ्या पाकिटात घालून देण्याची पद्धत सुरू झाली. जाहिरात, तपासणी आणि दुकानाच्या फळीवरील पाकीट ही तिन्ही माध्यमे एकच गोष्ट सांगू लागली, हे त्यातील मर्म आहे.

पल्स पोलिओशी या प्रश्नाची तुलना वारंवार केली जाते. दूरदर्शनवरील आवाहनाने लोक बूथवर आले, १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतास पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले, हे खरेच. परंतु पोलिओचा संदेश 'या आणि घ्या' असा होता; आपला संदेश 'थांबा, कदाचित घेऊ नका' असा आहे. आजारी माणसाला थांबायला सांगणे हे जाहिरातीचे काम नव्हे. ते समोरासमोर बसून करावे लागते.

शब्दांची अडचण

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली बारा देशांत केलेल्या पाहणीत ७६ टक्के लोकांना असे वाटत होते की, प्रतिरोध म्हणजे आपले शरीर औषधाला सरावणे. भारतातील १०२३ उत्तरदात्यांपैकी ७५ टक्क्यांना सर्दी व फ्लू प्रतिजैविकाने बरे होतात असे वाटत होते. ही पाहणी भारतात संगणकाद्वारे झाली होती. म्हणजे उत्तर देणारा वर्ग सुशिक्षितच होता.

मराठीत ही अडचण अधिकच वाढते. 'प्रतिकार' हा शब्द आपल्याकडे चांगल्या अर्थाने रुळला आहे. 'रोगप्रतिकारशक्ती वाढवा' हे वाक्य दूरचित्रवाणीवर दिवसातून दहा वेळा ऐकू येते, आणि कोविडच्या काळात तर ते मुलांच्याही तोंडी बसले. अशा श्रोत्याने 'प्रतिजैविक-प्रतिरोध वाढत आहे' असे ऐकले, तर त्यास ती वाईट बातमी वाटेलच असे नाही. 'शरीराला औषधाची सवय झाली' हा दुसरा प्रचलित वाक्प्रयोगही घातक आहे. सवय शरीराला होत असेल तर उपाय सोपा ठरतो: अधिक जोरदार औषध घ्यावे. 'पावरच्या गोळी'ची मागणी याच समजुतीतून येते.

त्यासाठी बोलीतले नेमके शब्द वापरावेत. 'औषधाला दाद न देणारे जंतू' अथवा 'निर्ढावलेले जंतू' म्हटले की दोष कोणाचा, हे तत्काळ कळते. मुळशीच्या शेतकऱ्यास भातखाचरातील बेणणीचे उदाहरण पटते. वरवरची बेणणी केली की कोवळे तण निघते. खोल मुळांचे उरते आणि मोकळ्या जागेत तेच फोफावते. विदर्भात २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बीटी कापसाला जुमानले नाही, ही बातमी सर्वांनी वाचलेली आहे. फवारणीला न मरणारी कीड शेतकऱ्यास माहीत असते. औषधाला न मरणारा जंतू हा तिचाच भाऊबंद, एवढे सांगितले की विषय समजतो.

आणखी एक लोकसमजूत आपल्या शास्त्राशी निगडित आहे. 'गोळ्या उष्ण पडतात' म्हणून दुसऱ्याच दिवशी औषध बंद करणारे, किंवा उष्णता कमी व्हावी म्हणून ती दुधाबरोबर घेणारे रुग्ण आपण नित्य पाहतो. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी औषधे दुधातील कॅल्शियममुळे नीट शोषली जात नाहीत. म्हणजे औषध घेऊनही मात्रा अपुरी राहते. ही सूचना माध्यमांतील तज्ज्ञ क्वचितच देतात; उष्ण-शीताची भाषा जाणणारा वैद्य ती सहज देऊ शकतो.

मुळशीचे चित्र

आपल्या तालुक्यात दोन प्रकारचे श्रोते आहेत. पश्चिमेस ताम्हिणी घाटापर्यंत पसरलेली पावसाळी गावे, मुळशी धरणाच्या काठच्या वस्त्या, धनगरवाडे व कातकरी पाडे. येथे दवाखाना दूर, एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी. दुसऱ्यांदा येणे परवडत नाही म्हणून पहिल्याच भेटीत 'सगळ्यात जोराचे' औषध हवे असते, आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या आजारासाठी फडताळात जपल्या जातात. पूर्वेस हिंजवडी, माण, पिरंगुट हा माहिती-तंत्रज्ञान उद्योगांचा व कारखानदारीचा पट्टा. येथे रजा मिळत नाही म्हणून तीन दिवसांचे ॲझिथ्रोमायसिन दुकानातून अथवा मोबाइलवरून मागवले जाते. कारण वेगळे, परिणाम एकच.

माध्यमेही त्यानुसार निवडावी लागतील. हिंजवडीच्या गृहसंस्थांत भ्रमणध्वनीवरील चित्रफीत चालेल. पिरंगुटच्या परप्रांतीय कामगारांसाठी हिंदी फलक लागेल. पश्चिमेकडील गावांत मात्र ग्रामसभा, आशाताई, अंगणवाडीतील मातांची बैठक आणि हरिनाम सप्ताह ही खरी माध्यमे आहेत. संत गाडगेबाबांनी कीर्तनातून स्वच्छतेचा उपदेश महाराष्ट्राच्या गळी उतरवला, हा आपल्याच मातीतला दाखला आहे. सप्ताहाच्या आयोजकांना विनंती केल्यास कीर्तनकार पाच मिनिटांत हा विषय जितका पोहोचवतील, तितका महागडा फलकही पोहोचवणार नाही.

आपली चिठ्ठी हेही माध्यमच

आता थोडे अप्रिय परंतु आवश्यक. महाराष्ट्रात नोंदणीकृत आयुर्वेद पदवीधरांना आधुनिक औषधे वापरण्याची मुभा राज्य शासनाने दिलेली आहे. अशी मुभा राज्याच्या कायद्यावर अवलंबून राहील, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर १९९८ च्या निर्णयात स्पष्ट केले. या मुभेसाठी आपल्या संघटनांनी दीर्घकाळ आग्रह धरला. अधिकार मागताना जो उत्साह दाखवला, तो जबाबदारी घेतानाही दिसला पाहिजे. अन्यथा 'आयुर्वेदवाले प्रतिजैविके वाटतात' या आरोपास आपल्याकडे उत्तर राहणार नाही.

मुंबईतील धारावी भागात १९९१ साली झालेल्या अभ्यासात १०० खासगी व्यावसायिकांनी क्षयरोगासाठी ८० निरनिराळ्या औषधयोजना लिहिल्या होत्या. २०१० साली तसाच अभ्यास पुन्हा झाला, तेव्हा विविध पॅथींच्या १०६ व्यावसायिकांनी ६३ योजना लिहिल्या आणि त्यांपैकी केवळ ६ जणांची चिठ्ठी बिनचूक होती. वीस वर्षांतील जाहिराती व व्याख्याने चिठ्ठीपर्यंत पोहोचली नव्हती, असाच याचा अर्थ.

२०१९ च्या खासगी विक्रीच्या आकड्यांवरील अभ्यासात ॲझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅमची गोळी ही देशात सर्वाधिक खपणारी प्रतिजैविक गोळी ठरली. त्याखालोखाल सेफिक्झिम २०० मिलिग्रॅम होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ही दोन्ही औषधे 'जपून वापरावयाच्या' गटात मोडतात. साध्या घशाच्या तक्रारीत ती पहिल्या दिवशी लिहिली गेली, की आकाशवाणीवरील सर्व उपदेश तेथेच व्यर्थ होतो. रुग्ण कानाने ऐकलेल्यापेक्षा हातात पडलेल्यावर विश्वास ठेवतो.

औषध दुकानदार बंधूंनाही हेच लागू आहे. १ मार्च २०१४ पासून अमलात आलेल्या अनुसूची एच-१ मध्ये सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन, क्षयरोगावरील औषधे इत्यादींचा समावेश आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्याचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध व संख्या यांची स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपणे आवश्यक आहे. ही वही तपासनीसासाठी भरण्याचा कागद न मानता, आपल्या गावात कोणते औषध किती जाते याचा आरसा मानावी. 'मी दिले नाही तर शेजारचा देईल' ही अडचण खरी आहे. म्हणूनच हा निर्णय एकट्या दुकानाने नव्हे, तर बाजारपेठेतील सर्व दुकानांनी मिळून घ्यावयाचा आहे.

चतुष्पादांची दृष्टी

चिकित्सेचे यश भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी या चार पादांवर उभे असते, हे आपण पहिल्या वर्षापासून शिकतो. जनजागृतीची आखणीही याच चौकटीत करता येते. माध्यमांचा सगळा भर चौथ्या पादावर, म्हणजे रुग्णाच्या वर्तनावर असतो. पहिले तीन पाद जणू निर्दोष आहेत असे गृहीत धरले जाते.

रुग्णाच्या चार गुणांत ज्ञापकत्व हा एक गुण सांगितला आहे: आपली अवस्था वैद्यास यथार्थ कळवणे. आज त्याचा अर्थ असा की, 'येण्यापूर्वी कोणत्या गोळ्या, किती दिवस घेतल्या' हे रुग्णाने न घाबरता सांगावे. पण तो ते सांगेल तेव्हाच, जेव्हा आपण रागावणार नाही. निर्देशकारित्व, म्हणजे सांगितल्याप्रमाणे वागणे, हा दुसरा गुण. तो निर्देश स्पष्ट असेल तरच शक्य आहे. उपस्थात्याच्या ठिकाणी आज औषध दुकानदार, आशाताई आणि घरातील स्त्री यांना धरावे. औषधाची वेळ सांभाळणारी बहुधा तीच असते. म्हणून सूचना केवळ रुग्णास न देता तिलाही द्याव्यात.

करता येण्याजोग्या गोष्टी

१. प्रत्येक दवाखान्यात व दुकानात मोठ्या अक्षरांत एकच फलक लावावा: 'सर्दी-पडशाला अँटिबायोटिक लागत नाही. लाल रेषेची गोळी चिठ्ठीवाचून मागू नका, उरलेली दुसऱ्यास देऊ नका.'

२. गोळ्या कापून द्याव्या लागल्याच तर लाल रेषा, औषधाचे नाव व मुदत ग्राहकास दिसेल अशा रीतीने द्याव्यात. छापील सूचनेच्या साध्या पाकिटाचा खर्च तालुक्यातील दुकानदारांनी वाटून घेतल्यास तो नगण्य होईल.

३. 'कोर्स पूर्ण करा' या घोषणेऐवजी 'सांगितले तितके दिवस, सांगितल्या वेळी. कमी नको, जास्त नको' असे म्हणावे. अनेक साध्या संसर्गांत अल्प मुदतीचे उपचार पुरेसे असतात, असे अलीकडील संशोधन सांगते. क्षयरोगात मात्र संपूर्ण मुदत अनिवार्य आहे. हा भेद लोकांस समजू शकतो.

४. प्रतिजैविक न देता रुग्णास परत पाठवताना रिकाम्या हाताने पाठवू नये. पथ्य, विश्रांती, योग्य ते कल्प आणि 'तिसऱ्या दिवशी दाखवा अथवा दूरध्वनी करा' असा स्पष्ट निरोप द्यावा. दूरच्या गावच्या रुग्णास दूरध्वनीची सोय देणे हाच त्याच्या 'दुसरी खेप परवडत नाही' या अडचणीवरील तोडगा आहे.

५. प्रतिजैविक देताना शंखभस्म, प्रवाळ, मंडूर किंवा लोहयुक्त कल्प त्याच वेळी देऊ नयेत. टेट्रासायक्लिन व फ्लुओरोक्विनोलोन गटांतील औषधांचे शोषण कॅल्शियम व लोहामुळे घटते. म्हणून दोहोंत काही तासांचे अंतर ठेवावे.

६. स्थानिक पत्रकारांशी वर्षातून एकदा बसावे. त्यांना खळबळजनक मथळा नव्हे, तर उपयोगी वाक्य द्यावे. 'महाजंतूचा धोका' या मथळ्याने वाचक घाबरतो आणि पान उलटतो. 'खोकल्याच्या गोळ्या मागण्यापूर्वी हे विचारा' या मथळ्याने तो थांबतो.

७. शाळांतून आठवी-नववीच्या मुलांना लाल रेषा ओळखण्यास शिकवावे. घरातील फडताळ तपासण्याचे काम मुले आनंदाने करतात.

दोन सावधगिरीच्या सूचना

पहिली अशी की, जागृतीचा अतिरेक होऊन प्रतिजैविकांची भीती निर्माण होता कामा नये. पावसाळ्यात भातखाचरात काम करणाऱ्याला अचानक तीव्र ताप, पोटऱ्यांत वेदना व डोळ्यांत लाली असेल, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी. तेथे योग्य प्रतिजैविक लवकर सुरू होणे जीवरक्षक ठरते. धाप लागणे, शुद्ध हरपणे, लघवी कमी होणे, तान्ह्या बाळाचा ताप ही लक्षणे असतील तर थांबून पाहण्याचा सल्ला नको. तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

दुसरी सूचना अधिक नाजूक आहे. प्रतिजैविके निष्प्रभ होत आहेत, तेव्हा आता आयुर्वेदच तारणार, अशा जाहिराती करण्याचा मोह होईल. तो टाळावा. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याची मर्यादा आहेच. परंतु कायद्यापेक्षा मोठा प्रश्न विश्वासाचा आहे. ज्या कल्पाने रक्तातील जंतुसंसर्ग बरा होत असल्याचा पुरावा नाही, त्याचे तसे गुणगान केले आणि एक रुग्ण उशिरा रुग्णालयात पोहोचला, तर अनेक पिढ्यांनी कमावलेली पत जाते. आपले योगदान निराळे आणि भक्कम आहे. ज्या आजारांत प्रतिजैविकाची मुळीच गरज नाही, अशा असंख्य ज्वर-कास-अतिसारांच्या रुग्णांना आहार, विहार व सौम्य औषधींनी आराम देणे आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणे, हे आपल्याला येते. प्रतिजैविक वाचवण्याचा खरा मार्ग तोच आहे.

समारोप

लाल रेषा शासनाने आखली, तिची वार्ता आकाशवाणीने व वृत्तपत्रांनी दिली. त्यांचे काम त्यांनी केले. ते अधिक चांगले करता आले असते, हेही आपण पाहिले. परंतु त्या रेषेचा अर्थ सांगण्यास पौडच्या पेठेत वा ताम्हिणीच्या पायथ्याशी दिल्लीहून कोणी येणार नाही. येत्या नोव्हेंबरच्या सप्ताहात आपल्या शाखेने तालुक्यातील औषध दुकानदारांसमवेत एक बैठक घ्यावी, फलकाचा मजकूर व पाकिटाची छपाई निश्चित करावी, आणि वर्षाअखेर एच-१ च्या नोंदवह्या एकत्र पाहून सेफिक्झिमची विक्री घटली की नाही याचा ताळेबंद मांडावा, अशी आमची सूचना आहे. ॲझिथ्रोमायसिन त्या अनुसूचीत येत नसल्याने त्याची मोजणी दुकानांच्या बिलांवरून स्वतंत्रपणे करावी. हे आकडे आपल्या त्रैमासिकातच प्रसिद्ध व्हावेत. ते अनुकूल असोत वा प्रतिकूल, पुढच्या वर्षीच्या कामाची दिशा त्यांवरूनच ठरेल.